झाकून ठेवलेली दोन टायरं

माणदेशात एक गाव आहे. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. त्या गावात हैबतराव नावाचा एक ट्रकमालक राहत होता. माणूस सरळ. कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाचा बांध कोरला नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. त्याला एकच खोड होती. नवी वस्तू झिजलेली त्याला बघवत नसे.

तुम्ही म्हणाल, ही कसली खोड, हा तर गुण झाला. गावालाही तसंच वाटायचं. ऐका तर खरं. हैबतराव नवी चप्पल घ्यायचा आणि ती काखेत मारून अनवाणी चालायचा. परगावची वेस दिसली की पायात घालायचा. नवं घोंगडं आलं की ते ट्रंकेत जायचं आणि घरची माणसं जुन्यात कुडकुडायची. ट्रकच्या सीटवरचं प्लॅस्टिक त्यानं कधी काढूच दिलं नाही. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटायचं, ड्रायव्हर मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण प्लॅस्टिक जागचं हललं नाही. लग्नात आहेरात आलेल्या कपबश्या अजून कागदात गुंडाळलेल्या होत्या. बायको पारूबाई म्हणायची, "अवो, ह्या कपातनं च्या प्यायचा तरी कवा? कुनाच्या तेराव्याला?" हैबतराव हसायचा. सगळ्या गावाला हा किस्सा पाठ होता आणि सगळं गाव हसायचं.

पारूबाईला एक धाकटा भाऊ होता, भानुदास. आई लवकर गेली, म्हणून पारूबाईनंच त्याला कडेवर वागवलं. ती लग्न होऊन आली आणि वर्षभरात तोही बहिणीच्या मागोमाग आला, तो कायमचाच. हैबतरावनं त्याला शाळेत घातलं. शाळेत त्याचं मन लागेना, तेव्हा स्टिअरिंग हातात दिलं. पुढं स्वतःचे गुडघे दुखायला लागल्यावर ट्रकही त्याच्याच ताब्यात दिला. भानुदासचं लग्न त्यानं लावून दिलं, शेजारीच खोल्या बांधून दिल्या. हैबतरावचा त्या पोरावर जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

भानुदास दिवाळीनंतर डाळिंबं भरून काश्मीरला जायचा आणि येताना सफरचंदं आणायचा. सोबत गावचाच इसाक असायचा. दोघं आळीपाळीनं गाडी चालवायचे. माणदेशातल्या ड्रायव्हरला ऊन ठाऊक, धूळ ठाऊक, धाप लावणारा घाट ठाऊक. पण बर्फ कुणी बघितलाय? चिखलसुद्धा आपल्याकडं चार दिवसांचा. आदल्या वर्षी भानुदास पहिल्यांदा बर्फात सापडला. गाडी घसरून रस्त्यावर आपोआप आडवी फिरली आणि दरीच्या अलीकडं थांबली. घरी आल्यावर त्यानं अक्काला काही सांगितलं नाही. दाजींना मात्र बाजूला नेऊन सांगितलं.

"दाजी, ही टायरं आपल्या रस्त्यावर ठीक हायती. वर न्हाई चालायची. टायरं बदलल्याबिगर मी औंदा जायचा न्हाई."

 हैबतराव लगेच म्हणाला, "बदलू की. तुझ्यापरीस टायरं मोठी हायती व्हय?" आणि हे तो मनापासून बोलला होता.

दोघं तालुक्याला टायरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "गाडी जाणार कुठं?"

भानुदास म्हणाला, "डोंगराच्या पायथ्याला रस्त्याचं काम चाललंय, तितं गुडघाभर चिखल. आन वर गेलं की बर्फ."

दुकानदारानं दोन टायरं पुढं ओढली. एकाच्या खाचा बोट आत जाईल एवढ्या रुंद होत्या. तो म्हणाला, "हे चिखलाचं. चिखल धरून ठेवत नाही, फिरता फिरता फेकून देतं. पण रबर कडक. बर्फावर ह्याला पकड नाही." दुसऱ्याच्या अंगभर बारीक चिरा होत्या. "हे बर्फाचं. रबर मऊ, थंडीत ताठरत नाही, चिरांनी बर्फ धरतं. पण चिखलात गेलं की चिरा लिंपून जातात आणि चाक जागच्या जागी फिरत बसतं."

भानुदासचा चेहरा पडला. "मंग आमी काय करायचं? निम्म्या वाटंत टायरं बदलायची?"

दुकानदार हसला आणि आतून तिसरं टायर घेऊन आला. खाचा रुंदही होत्या आणि मधल्या ठोकळ्यांवर बारीक चिराही होत्या. "हे दोन्हीकडं चालतं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, रबर मऊ आहे, तापलेल्या डांबरावर लवकर झिजेल. दुसरी, मागची चारही एकसारखीच घाला. मागं एकेका बाजूला दोन-दोन टायरं असतात, एक बाहेर, एक आत. जोडीतलं एक नवं, एक जुनं असं करू नका. वेळ येते तेव्हा बाहेरचं सुटतं आणि आतलंच गाडी धरतं."

दुकानदारानं दोन गोष्टी सांगितल्या. भानुदासनं दोन्ही ऐकल्या. हैबतरावच्या कानात एकच राहिली, की हे लवकर झिजेल.

त्यानं टायरं मात्र चार घेतली. दिलदारपणानं घेतली. ट्रकमधून घरी आणली, तेव्हा भानुदास लहान मुलासारखा खूश होता. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, त्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "अक्का, हे बघ जावळ." पारूबाईनंही हात फिरवून बघितला. चारही टायरं तिनं डोळ्यांनी बघितली. पुढं हेच तिच्या जिवाला लागलं.

भानुदास बायको-मुलीला आणायला सासरवाडीला गेला. तेवढ्यात टायरं चढवून ठेवायची म्हणून हैबतरावनं गाडी पंक्चरवाल्याकडं नेली. बाहेरची दोन नवी टायरं चढली. काय देखणी दिसत होती. आतली जुनी काढायची वेळ आली आणि हैबतराव घुटमळला. इथून काश्मीरपर्यंतचा सगळा तापलेला रस्ता त्याच्या डोळ्यांपुढं आला. बर्फ लागायच्या आधीच चारही टायरं निम्मी होणार. नुसत्या डांबरावर घासून घासून.  बाहेरची दोन नवी आहेतच की, तो मनाशी म्हणाला. आतल्यांकडं कोण बघतंय? ही दोन पुढल्या साली कामाला येतील. भानूच्याच कामाला येतील.

पंक्चरवाला म्हणाला, "आतली पार गुळगुळीत झाल्यात, मालक."

"राहू द्या," हैबतराव म्हणाला.

उरलेली दोन टायरं त्यानं घरी आणून कडब्याच्या खोपटात ठेवली. त्यांवर ताडपत्री घातली. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर रिकामी पोती रचली. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशा मायेनं त्यानं हे सगळं केलं. आपण कुणाला फसवतोय असं त्याला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सगळी घरची माणसं गाडीपाशी जमली. पारूबाईनं चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, टायरखाली लिंबू ठेवलं. भानुदासनं टॉमीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, टायरं ठोकून बघितली. आवाज भरीव आला. हवा ठीक होती. ठोकून हवा कळते, झीज कळत नाही. मग त्यानं सहज विचारलं,

"दाजी, आतली बी नवीच घातली न्हवं?"

आली का नाही खरं सांगायची वेळ? त्यानं तेव्हा 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? भानुदास थोडा फुरंगटला असता. पारूबाईनं कपाळावर हात मारून घेतला असता. दुपारपर्यंत टायरं बदलून झाली असती आणि संध्याकाळी सगळेच हसले असते. पण समोर बायको उभी, मेहुण्याची बायको उभी, इसाक उभा. कपबश्यांचं हसू वेगळं आणि हे वेगळं. हैबतरावला लाज वाटली.

"व्हय, घातली की," तो म्हणाला.

इसाकला सवय होती, तो गुडघा टेकून मागच्या चाकाशी वाकला. हात आत घालणार, तेवढ्यात भानुदासनं त्याला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. दाजींनी सांगितलंय न्हवं?" इसाक ओशाळून उठला. आपल्याकडं बहिणीच्या नवऱ्यानं शब्द दिल्यावर, तोही बहिणीच्या देखत, वाकून खात्री करून घेत नाहीत. तसं करणं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणं. भानुदासनं दाजींचा मान राखला आणि तो गाडीत बसला.

गाडी गेली. हैबतरावला त्या दिवशी जेवण गेलं नाही. रोज फोन यायचा. रोज तो विचारायचा, "टायरं कशी हायती?" आणि भानुदास म्हणायचा, "झकास." फोन ठेवला की त्याला वाटायचं, उद्या सांगू. सपाट मुलखातून गाडी चाललीय तोवर घाई कसली?

मग डोंगराच्या पायथ्याहून फोन आला. "दाजी, चिखलातनं गाडी निघाली बगा, टायरांनी बाहेर काढली. आता वर बरफ पडलाय म्हनत्यात. हितं चाकाला बांधायला साखळ्या मिळत्यात. इसाक म्हनतोय घेऊ. पर चारी टायरं नवी असल्यावर कशाला? आन साखळीनं टायरं खरवडत्यात. तुमास्नी खपायचं न्हाई." आणि तो मोठ्यानं हसला.

हैबतरावच्या ओठांवर आलं होतं. आतली जुनी हायती रं, साखळ्या घे. एवढंच बोलायचं होतं. पण शेजारी पारूबाई उभी होती, भावाशी बोलायला फोन मागत होती. तिच्यासमोर हे कसं बोलायचं? नुसतं 'घे' म्हटलं असतं तरी भागलं असतं, दाजींना कारण विचारायची भानुदासची रीत नव्हती. पण 'खरवडत्यात' हा शब्द त्याच्या मनात अडकला होता. जन्माची खोड त्या क्षणीही सुटली नाही.

"बरं. मग नगं घेऊस," तो म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

पारूबाई भावाला म्हणाली, "डोक्याला बांध रं काय तरी. थंडी लई आसंल." तिचं आणि त्याचं तेवढंच बोलणं झालं.

पुढचं इसाकनं सांगितलं. वर रस्त्याचा एक अरुंद तुकडा होता. समोरून दुसरी गाडी आली. तिला वाट दाखवायला इसाक खाली उतरून पुढं गेला. भानुदासनं गाडी कडेला घेतली. कडेला बर्फ दिसत होता, पण त्याखाली मऊ चिखल होता. बाहेरचं चाक त्यात रुतलं आणि सगळं वजन आतल्या टायरावर आलं. आतलं टायर बर्फावर होतं आणि त्याच्या अंगावर धरायला काही नव्हतं. "त्यानं ब्रेक दाबलेला हुता," इसाक सांगत होता. "चाकं फिरत नव्हती. तरी गाडी सरकत हुती. हळूहळू. आवाज न्हाई काय न्हाई. मला वाटलं थांबंल. आत्ता थांबंल." ती थांबली नाही.

इसाक दरी उतरून खाली गेला, तेव्हा भानुदास गेलेला होता. बर्फावर डाळिंबं पसरली होती. गाडी उताणी पडली होती आणि चाकं वर होती. आतली टायरं इसाकला तेव्हा पहिल्यांदा दिसली. त्यानं त्यांवरून हात फिरवला.

भानुदासला गावी आणलं. माती झाली. सगळे आपापल्या घरी गेल्यावर इसाक हैबतरावसमोर येऊन उभा राहिला. तो भांडला नाही, रडलाही नाही. एवढंच म्हणाला, "मालक, चाकं वर हुती. मी हात लावून बघितलं."  इसाक म्हणाला, "त्या दिशी मला वाकू दिलं असतं तर," आणि पुढचं न बोलता निघून गेला. पारूबाईला त्यानं काही सांगितलं नाही. तिचं दुःख आधीच काय कमी होतं?

पण तिला कळायचं ते कळलंच. सुतकाला आलेल्या माणसांना बसायला पोती हवी होती. ती आणायला ती खोपटात गेली. पोती उचलली, खाली ताडपत्री दिसली. ताडपत्री ओढली, तर दोन कोरी टायरं. अंगावर जावळ तसंच. एक केस तुटलेला नव्हता. पारूबाईला ट्रकमधलं काही कळत नव्हतं, पण चार आणि दोन कळत होतं. ती तिथंच खाली बसली. किती वेळ बसली कुणास ठाऊक. हैबतराव तिला शोधत आला आणि दारातच थबकला.

"ही हितं कशी?" तिनं विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण आता त्याला खोट्याची भीती बसली होती. तो म्हणाला, "झिजली असती गं."

 पारूबाई अगदी हळू म्हणाली, "झिजायलाच आणली हुती न्हवं?"

ती ओरडली असती, तिनं ऊर बडवला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं पोती उचलली आणि ती माणसांना बसायला घालायला निघून गेली.

तेराव्याला घर भरलं होतं. पारूबाईनं माळ्यावरून एक खोकं काढलं. कागद सोडले, कपबश्या धुतल्या आणि आलेल्या सगळ्यांना त्यांत चहा दिला. गावातल्या बायकांनी त्या कपांकडं बघितलं आणि माना खाली घातल्या. पूर्वीची थट्टा सगळ्यांनाच आठवली होती. शेवटचा कप तिनं नवऱ्यापुढं ठेवला. "घ्या," म्हणाली. हैबतरावनं कप उचलून ओठांपर्यंत नेला. त्यानं तो तसाच खाली ठेवला. चहा निवून गेला. भानुदासची लहानगी तेवढ्यात म्हणाली, "आत्या, कप किती छान हायती. आपण रोज ह्यातनंच पिऊया?" पारूबाईनं तिला जवळ ओढलं आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला तिथं आवरेना.

त्यानंतर हैबतरावनं ट्रक घेतला नाही. ती दोन टायरं त्यानं इसाकला देऊ केली. इसाक म्हणाला, "मालक, मला त्यांच्याकडं बघवायचं न्हाई." दुसऱ्या कुणीही ती घेतली नाहीत. हैबतरावनं त्यांच्यावरची ताडपत्री मात्र काढून टाकली. खोपटातून काढलेली टायरं दाराशी उन्हापावसात पडून राहिली. बिनवापराचं रबर उन्हात राहिलं की त्याला भेगा पडतात, तशा त्यांना पडल्या. जपून ठेवलेली टायरं शेवटी एक कोससुद्धा न धावता कामातून गेली.

आता त्या गावातून कुणाचीही गाडी लांबच्या वाटेला निघाली की हैबतराव काठी टेकत येतो. मालक कोण आहे, त्यानं काय सांगितलंय, कशाचीच चौकशी करत नाही. दुखरे गुडघे मातीत टेकतो, खांद्यापर्यंत हात चाकांच्या मधे घालतो आणि आतल्या टायरावरून बोटं फिरवतो. कुणी त्याला अडवत नाही आणि कुणाला त्याचा रागही येत नाही. तपासून झालं की ड्रायव्हर त्याला हात देऊन उठवतो. "जा बाबा," हैबतराव म्हणतो आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडं बघत उभा राहतो.

तात्पर्य: जी वस्तू माणसाचा जीव राखायला आणली, तिला खुशाल झिजू द्यावं, ती जपण्याच्या नादात माणूस गमावू नये. आणि आपल्या शब्दावर विसंबून जो वाकूनही बघत नाही, त्याला तर साधीशी गोष्टसुद्धा खोटी सांगू नये, कारण उद्या सांगू म्हणणाऱ्याला तो उद्या मिळेलच असं नाही.